पहाटेचा एक तास मुलांचा



पहाटे पाचच्या सुमारास धाराशिव शहरातून बाहेर पडणाऱ्या कोणत्याही रस्त्याला जाऊन उभे राहा. अंधारात आधी पावलांचा आवाज येतो, मग धापा ऐकू येतात आणि मग पोरे दिसतात. कुणाच्या पायात आठवडी बाजारातले स्वस्त बूट असतात, कुणी अनवाणीच असतो. ही पोलीस भरतीची आणि सैन्यभरतीची तयारी करणारी मुले. तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा, वाशी, कुठेही जा, आठही तालुक्यांत पहाटेचे हेच दृश्य आहे. त्यात आपल्या वस्तीतली मुले पुष्कळ असतात. ज्याच्या घरी शेती नाही, दुकान नाही, भांडवल नाही, त्याच्याकडे दोन पाय तरी असतातच.

या आठवड्यात आम्हाला याच पळणाऱ्या मुलांविषयी बोलायचे आहे. परंतु आधी आमची स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतला एक मुलगा सैन्यभरतीला गेला होता. सोळाशे मीटर धावायचे होते आणि मर्यादा होती पाच मिनिटे पंचेचाळीस सेकंदांची. त्याला चार सेकंद जास्त लागले. रात्रीच्या गाडीने तो परत आला आणि सकाळी विहाराच्या कट्ट्यावर मान खाली घालून बसला. आम्ही त्याच्याजवळ गेलो. तो म्हणाला, "काका, चारच सेकंद." आम्ही काय बोलावे? आम्ही म्हणालो, "जाऊ दे बाबा. एकवीस वर्षांचा झालास. आता पळापळी पुरे, कामाधंद्याला लाग." आम्हाला वाटले, आपण शहाणपणाचे बोललो. दुसऱ्या आठवड्यात तो पुण्याकडे एका कारखान्यात रोजंदारीवर गेला. पहाटेची पळण्याची सवय, चार वर्षांची मेहनत, सगळे त्या एका सकाळी संपले.

आम्ही हे का सांगतो? कारण ज्या वयाला आम्ही त्या मुलाला "पुरे" म्हणालो, जवळपास त्याच वयाला आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला दुसरा एक मुलगा पळायला लागला होता.

मांडव्याचा मुलगा

अविनाश साबळे हे नाव आता बहुतेक घरांत माहीत आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. आपल्या धाराशिवात पसरलेल्या बालाघाटाच्या डोंगररांगा तिकडेही आहेत. तोच मुरूम, तोच दुष्काळ, तीच दिवाळीनंतर ओस पडणारी गावे. 13 सप्टेंबर 1994 रोजी अविनाश यांचा जन्म झाला. आई-वडील शेतकरी; शेतीवर भागेना म्हणून वीटभट्टीवर राबत. शाळा घरापासून सहा किलोमीटर होती आणि जाण्यायेण्याला वाहन नव्हते. सहा वर्षांचे पोर ही वाट कधी चालत, कधी पळत पार करी. हेच त्यांचे पहिले मैदान. शिट्टी नव्हती, घड्याळ नव्हते, शाळेला उशीर होईल एवढेच भय होते.

बारावीनंतर अविनाश सैन्यात भरती झाले, ते खेळाडू म्हणून नव्हे, साधे जवान म्हणून. आणि त्यांना पलटण मिळाली ती पाचवी महार! सियाचीनच्या बर्फात त्यांनी पहारा केला, राजस्थानच्या वाळवंटात राहिले, पुढे सिक्कीमला गेले. धावण्याच्या स्पर्धेत ते उतरले 2015 साली, म्हणजे विसाव्या-एकविसाव्या वर्षी, सैन्यातल्या क्रॉसकंट्री शर्यतीपासून. त्यानंतर मध्यंतरी त्यांचे वजन वाढले होते. वीसेक किलो वजन उतरवून ते पुन्हा उभे राहिले. सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांना अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळवले.

वाचकहो, आमच्या मुलाला कुणी अमरीश कुमार भेटला नाही. त्याला आम्ही भेटलो, हीच मेख आहे.

महार रेजिमेंट आणि 1941 साल

पाचवी महार म्हटले की आपल्या घरातल्या जुन्या माणसांचे डोळे चमकतात. ते का, हे नव्या पिढीला सांगितले पाहिजे. इंग्रजांच्या फौजेत आपले पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या लढले. खुद्द बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार सैन्यातले, आणि बाबासाहेबांचा जन्मही महूच्या लष्करी छावणीतला. परंतु 1892 च्या सुमारास सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. हातची भाकरी गेली, आणि भाकरीबरोबर मानही गेला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 111 वी महार पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर मोडून टाकली.

हा दरवाजा पुन्हा उघडावा म्हणून बाबासाहेब झगडले. 1941 साली व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर त्यांची नेमणूक झाली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. आज या रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे आणि तिच्यात सर्व जातींचे, सर्व प्रांतांचे जवान असतात. एका समाजासाठी उघडलेला दरवाजा पुढे सगळ्यांच्याच उपयोगी पडला.

याच 1941 सालच्या फेब्रुवारीत बाबासाहेब आपल्या जिल्ह्यात आले होते, हेही लक्षात ठेवा. येडशीहून कळंबच्या बाजूला जाताना कसबे तडवळे लागते. तिथे महार-मांग वतनदार परिषद भरली होती आणि तिला बाबासाहेब उपस्थित होते. वतनाच्या जोखडातून सुटा, हे सांगायला ते आले. गावात राबून शिळे तुकडे मागण्याऐवजी ताठ मानेने शिकावे, नोकरी करावी, जग पाहावे, ही त्यांची शिकवण. त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या रेजिमेंटचा एक जवान पुढे पॅरिसच्या ऑलिम्पिक मैदानावर धावला. आम्हाला याचा अभिमान वाटतो, आणि तो वाटण्यासाठी त्या जवानाची जात विचारण्याची गरज पडत नाही.

परदेशातल्या शर्यती

साबळे धावतात ती शर्यत तीन हजार मीटर स्टीपलचेस. मैदानाला साडेसात फेऱ्या मारायच्या, आणि वाटेत पस्तीस अडथळे. त्यांतले अठ्ठावीस लाकडी आडवे दांडे, सुमारे तीन फूट उंचीचे. पाय लागला तर ते पडत नाहीत, माणूस पडतो. उरलेल्या सात ठिकाणी दांड्यापलीकडे पाण्याचा खड्डा असतो. थोडक्यात, बांध ओलांडायचा, ओढा उडी मारून पार करायचा आणि पळत राहायचे. आपल्याकडच्या शेतातून शाळेला जाणाऱ्या पोरांना हे नवे नाही. फक्त तिकडे समोर केनिया, इथिओपिया, मोरोक्कोची मुले असतात आणि जग पाहत असते.

2018 साली भुवनेश्वरला त्यांनी 8 मिनिटे 29.80 सेकंदांत शर्यत पूर्ण करून गोपाल सैनी यांचा 1981 सालचा राष्ट्रीय विक्रम मोडला. सदतीस वर्षे तो कुणाला मोडता आला नव्हता. त्यानंतर परदेशाच्या वाऱ्या सुरू झाल्या.

2019 साली कतार देशात दोहा येथे जागतिक स्पर्धा झाली. प्राथमिक फेरीत पुढच्या धावपटूंच्या गर्दीत साबळे यांची वाट अडली, त्यांचा वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. भारतीय पथकाने दाद मागितली, ती मान्य झाली आणि त्यांना अंतिम फेरीत घेतले. तिथे ते तेरावे आले. तेरावा म्हणजे हरलाच, असे आपण म्हणू. परंतु त्या तेराव्या नंबरात 8 मिनिटे 21.37 सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम होता आणि ऑलिम्पिकचे दारही उघडले होते.

टोकियोचे ऑलिम्पिक 2021 साली झाले. साबळे यांनी पुन्हा राष्ट्रीय विक्रम केला, 8 मिनिटे 18.12 सेकंद, आणि तरीही अंतिम फेरी हुकली. आयुष्यातले सगळ्यात चांगले धावलो तरी पुढे जाता आले नाही, याचे दुःख भरतीत चार सेकंदांनी राहिलेल्या मुलालाच कळेल.

2022 साली त्यांनी अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या उंच पठारावर सराव केला. उंचावर हवा विरळ असते. तिथे धाप लवकर लागते, पण शरीराला सवय झाली की खाली आल्यावर दम टिकतो. त्याच मुक्कामात कॅलिफोर्नियात त्यांनी पाच हजार मीटरचा बहादूर प्रसाद यांचा 1992 सालचा राष्ट्रीय विक्रम मोडला. आणि 6 ऑगस्ट 2022 रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले. 1998 पासून 2018 पर्यंत सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच नेत होता. त्या भिंतीला मांडव्याच्या मुलाने भगदाड पाडले. सोने हुकले ते अवघ्या पाच शतांश सेकंदांनी. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट 2023 मध्ये, बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत ते प्राथमिक फेरीतच बाद झाले. लोकांनी नाके मुरडली. दीड महिन्याने चीनमधल्या हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धा झाली. 1 ऑक्टोबर 2023 रोजी त्यांनी 8 मिनिटे 19.50 सेकंदांत सुवर्णपदक जिंकले, स्पर्धेचा विक्रमही केला. या शर्यतीत आशियाई सुवर्ण मिळवणारे ते पहिले भारतीय पुरुष. पाच हजार मीटरमध्ये रौप्यही आणले.

जुलै 2024 मध्ये पॅरिसला त्यांनी 8 मिनिटे 09.91 सेकंदांची वेळ नोंदवली. हिशेब केला तर पस्तीस अडथळे ओलांडत प्रत्येक सोळाशे मीटरला सुमारे चार मिनिटे एकवीस सेकंद पडतात. भरतीच्या पोरांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. त्याच वर्षी त्याच पॅरिसला ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोहोचणारे ते या शर्यतीतले पहिले भारतीय पुरुष ठरले, आणि अकरावे आले. 2025 च्या मे महिन्यात दक्षिण कोरियात गुमी येथे आशियाई अजिंक्यपद मिळवले, आणि जुलैमध्ये मोनाकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्याशी पडून गुडघा दुखावला.

ही यादी आम्ही मुद्दाम दिली. तिच्यात पदके आहेत, तेरावा नंबर आहे, अकरावा नंबर आहे, बाद होणे आहे आणि पडणेही आहे. आम्ही आपल्या मुलांना फक्त पदकांच्या गोष्टी सांगतो, म्हणून चार सेकंद कमी पडले की त्यांना वाटते, सगळे संपले.

आपल्या धाराशिवातल्या वाटा

आता कुणी म्हणेल, साबळे यांना सैन्याने जेवू घातले, प्रशिक्षक दिला, अमेरिकेला नेले. आमच्या पोराला कोण आहे? प्रश्न खरा आहे. पोटभर अन्न आणि जाणता मार्गदर्शक यांच्याशिवाय वरच्या पायऱ्या चढता येत नाहीत. परंतु पहिली पायरी म्हणजे वाट आणि पहाटेचा वेळ. ती पायरी आपल्याकडे आहे. आमच्या पोरांच्या आवडीच्या काही जागा सांगतो.

शहरात तुळजाभवानी क्रीडा संकुलाचे मैदान आहे. वेळ मोजून पळायचे तर मैदानासारखी जागा नाही. चारशे मीटरच्या चार फेऱ्या म्हणजे सोळाशे मीटर, दोन फेऱ्या म्हणजे मुलींच्या पोलीस भरतीचे आठशे मीटर. चढ चढायचा सराव करायचा असेल तर हातलाईचा डोंगर. आठवड्यातून एकदा तो चढ पळत चढावा आणि उतरताना चालावे, कारण गुडघे बिघडतात ते उतारावर.

आमची सगळ्यात आवडती वाट आहे धाराशिव लेण्यांकडची. डोंगराच्या कड्यात सात लेणी कोरलेली आहेत. ती बौद्धांची की जैनांची, यावर विद्वानांचे वाद आहेत. ते विद्वानांनी सोडवावेत. आम्हाला एवढे कळते की दीड हजार वर्षांमागे हातात छिन्नी घेऊन कष्टकऱ्यांनी हा खडक फोडला. मुले तिथे पोहोचून धापा टाकत पायऱ्यांवर बसतात, पाणी पितात. मोठ्या लेण्याच्या दालनात गार हवा लागते. रविवारी एकदा घरच्या सगळ्यांनी जावे.

येडशीजवळ रामलिंगचे अभयारण्य आहे. तिथली झाडी, मोर, माकडे आणि घाटातली वळणे यांनी मन हरखते. मात्र एकट्याने जाऊ नये. तेरला तेरणेच्या काठची वाट मऊ मातीची, पायाला चांगली. हे तेर म्हणजे जुने तगर, इथला माल दोन हजार वर्षांपूर्वी भडोचच्या बंदरातून समुद्रापार जाई. बौद्ध वास्तूंचे अवशेषही तिथे सापडले आहेत. नळदुर्गला बोरी नदी आणि किल्ल्याचा परिसर आहे. ज्यांच्या गावी यांतले काहीच नाही त्यांनी शाळेचे मैदान धरावे. तेही नसेल तर गावच्या आडरस्त्यावरचे किलोमीटरचे दगड आहेतच. एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत आणि परत, झाले दोन किलोमीटर.

एक धोक्याची सूचना. महामार्गावर पळू नका. पहाटे ट्रकवाल्याच्या डोळ्यांवर झोप असते. अगदीच रस्त्याने जावे लागले तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, एका ओळीत आणि पांढरा सदरा घालून जा. कानात गाणी लावून पळू नका.

आणि मुली?

पहाटेच्या त्या गर्दीत मुली किती दिसतात, हे आम्ही एकदा मोजले. बोटांवर मोजता आल्या.

आमच्या गल्लीत अकरावीतली एक मुलगी आहे. शाळेच्या शर्यतीत तालुक्यात पहिली आली होती. जिल्ह्याच्या स्पर्धेआधी तिला सराव करायचा होता. आम्हाला म्हणाली, "काका, आई येऊ द्यायना. तुम्ही सांगा की." आम्ही तिच्या घरी गेलो. आई दिवसभर दुसऱ्याच्या शेतात खुरपते. ती म्हणाली, "भाऊ, पोरगी अंधाराची पळायला गेली तर लोक काय म्हणत्याल? अन् काय झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

आम्ही उपदेश केला नाही, कारण तिची भीती खोटी नाही. मुलगी घराबाहेर पडली की आईच्या जिवाला घोर लागतो, आणि तो घोर लावणारे लोकही आपल्यातच असतात. आम्ही एवढेच विचारले, "ताई, तुम्हीच तिच्याबरोबर आलात तर?" ती हसली. म्हणाली, "मी पळू व्हय?" आम्ही म्हणालो, "तुम्ही चाला. ती पळंल."

तिसऱ्या दिवशी मायलेकी दोघी मैदानावर आल्या. आई पदर खोचून चालत होती, पोरगी फेऱ्या मारत होती. आठवड्याभरात शेजारच्या दोघी आल्या. आज आठ-दहा बाया पहाटे चालतात आणि पाच मुली पळतात. ज्या बायांना साखरेचा त्रास होता, ज्यांचे गुडघे धरले होते, त्या सांगतात की बरे वाटते. तिथे आता "लोक काय म्हणतील" हा प्रश्न उरला नाही, कारण लोक म्हणजे त्याच.

या मुलींना आम्ही आपल्याच जिल्ह्यातल्या सारिका काळे यांचे उदाहरण देतो. धाराशिव तालुक्यातल्या या मुलीने खो-खो खेळून भारताच्या महिला संघाचे कर्णधारपद मिळवले, 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणले आणि 2020 साली अर्जुन पुरस्कार पटकावला. त्यांनी स्वतः सांगितले आहे की घरच्या गरिबीमुळे सुमारे दहा वर्षे एकवेळच्या जेवणावर काढावी लागली. खो-खो म्हणजे तरी काय, पळणे, वळणे आणि दम टिकवणेच. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक मिळवले. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. या सगळ्या आपल्यासारख्याच घरांतून आल्या.

सुरुवात कशी करावी

पहिल्याच दिवशी दोन किलोमीटर पळू नका. एक मिनिट पळा, दोन मिनिटे चाला, असे वीस मिनिटे करा. हळूहळू पळणे वाढवा आणि चालणे कमी करा. महिना-दोन महिन्यांत अंग रुळते. शक्यतो डांबरापेक्षा मातीवर पळा. आठवड्यातून एक दिवस विश्रांती घ्या, शरीर विश्रांतीतच बळकट होते. बुटांचा तळवा झिजला की ते बदला. महागाचे बूट लागत नाहीत, पण पायाला चावणारे चालत नाहीत. उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी घरी या आणि पाणी पुरेसे प्या.

खाण्यासाठी दुकानातल्या पावडरींच्या डब्यांमागे लागू नका. ज्वारीची भाकरी, डाळ, मोड आलेली मटकी, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, पालेभाजी आणि परवडेल तेव्हा अंडी, एवढे मिळाले तरी पोरगे पळते. मुलींच्या ताटात मुलांपेक्षा कमी वाढू नका. पोरगी लवकर दमते, चक्कर येते, असे असेल तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. लवकर दम वाढावा म्हणून कुणी गोळ्या-इंजेक्शने देत असेल तर त्याला दारातही उभे करू नका. पंचशीलातला नशा वर्ज्य करण्याचा नियम इथेही लागू आहे.

आणखी एक. शाळेतल्या मैदानी स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत होतात आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी वर जातात. शाळेच्या खेळाच्या शिक्षकांना भेटा, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा. प्रमाणपत्र नीट जपून ठेवा. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. कोणत्या स्पर्धेतला कोणता क्रमांक त्याला पात्र ठरतो, हे आधीच विचारून घ्या. माहिती नसल्यामुळे आपल्या मुलांचे हक्क वाया जातात. ज्यांचे आई-बाप ऊसतोडीला जातात त्यांनी मुलांना शक्यतो आजी-आजोबांजवळ किंवा वसतिगृहात ठेवावे. कोयता बरोबर गेला की शाळा सुटते, आणि शाळा सुटली की मैदानही सुटते.

वस्तीने काय करावे

14 एप्रिलला आपण वर्गणी काढतो. मिरवणुकीला, मंडपाला, आवाजाच्या भिंतींना पैसे खर्च करतो. त्यातून थोडे बाजूला काढून जयंतीच्या पहाटे मुलामुलींच्या शर्यती ठेवाव्यात असे आम्हाला वाटते. बक्षीस म्हणून पितळेचा कप देऊ नये, पळण्याचे बूट द्यावेत. पहिल्या तिघांना तर द्यावेतच, पण ज्याच्या पायात काहीच नाही त्या शेवटच्यालाही द्यावेत.

आमच्या वस्तीत गेल्या जयंतीला हा प्रयोग केला. पुण्याकडे गेलेला आमचा तो मुलगा जयंतीसाठी गावी आला होता. आम्ही त्याला कट्ट्यावर गाठले आणि म्हणालो, "बाबा, त्या दिवशी आम्ही तुला चुकीचे सांगितले." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, तुम्ही सांगितलं, पण पळणं तर मीच बंद केलं." दुसऱ्या दिवशी पहाटे तो मैदानावर आला. त्याचे पोट थोडे सुटले होते. दोन फेऱ्यांत दमला आणि खाली बसला. मग त्याने खिशातून मोबाइल काढला, त्यावर घड्याळ लावले आणि आमच्या गल्लीतल्या त्या मुलीला ओरडून सांगू लागला, "खांदे सैल सोड! शेवटच्या फेरीला दम राखून ठेव!" चार वर्षे त्याने जे अंगावर शिकले होते, ते कुणाच्या तरी उपयोगी पडत होते. तो पुन्हा कारखान्यात गेला, परंतु जाताना सांगून गेला की सुट्टीला आलो की मैदानावर येईन. भरतीत राहिलेला मुलगा वस्तीला जड नसतो. पुढच्या पोरांचा तो पहिला गुरुजी होऊ शकतो.

वाचक बंधू-भगिनींनो, सगळीच मुले पॅरिसला जाणार नाहीत. पुष्कळांना भरतीतही यश येणार नाही. परंतु पहाटे उठलेले पोर गुत्त्यापासून लांब राहते, अभ्यासाला ताजे बसते आणि हरल्यावर पुन्हा उभे कसे राहायचे ते शिकते. म्हणून आमची विनंती एवढीच की पहाटेचा एक तास मुलांना द्या, आणि मुलींना आधी द्या. उद्या पाचला घरातले कुणीतरी उठा, चुलीवर पाणी ठेवा आणि पोराला हाक मारा. आणि परत आल्यावर "किती नंबर आला?" असे न विचारता, "किती पळालास?" एवढे विचारा.

जय भीम!